बंदरातील शिडाची जहाजे : एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच रेखाटनांचे इतिहाससाधन म्हणून मूल्य

प्रस्तावना :
शिंदखेडा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. बऱ्हाणपूर–सुरत हा जुना व्यापारी मार्गही खानदेशातूनच जात असे. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरील गलबतांचा इतिहास आपल्या प्रदेशाला परका नाही. या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन म्हणजे फ्रेंच नाविकांची रेखाटने होत.

विवेचन :
ब्रिटनशी युद्ध सुरू असल्याने फ्रान्सला उत्तम ग्राफाइट मिळेनासे झाले. तेव्हा निकोला-झाक काँते याने 1795 मध्ये ग्राफाइटची भुकटी व चिकणमाती भाजून पेन्सिल तयार केली. मातीच्या प्रमाणानुसार तिचा कठीणपणा ठरविता येऊ लागला. डोलत्या जहाजावर शाई सांडण्याची भीती असे. पेन्सिलीला ती अडचण नव्हती.

फ्रेंच नौदल अधिकारी एदमाँ पारी (1806–1893) याने 1826 ते 1840 या काळात तीन पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. ठिकठिकाणच्या बंदरांत त्याने स्थानिक नौकांची केवळ चित्रे काढली नाहीत, तर मोजमापेही घेतली. तिसऱ्या सफरीत भारतातील एका अपघातात त्याने डावा हात गमावला. तरीही त्याचे काम थांबले नाही. युरोपबाहेरील नौकाबांधणीवरील त्याचा ग्रंथ 1841 पासून प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या किनाऱ्यावरील फत्तेमारीचाही समावेश आहे. पुढे झुकलेल्या डोलकाठ्या, तिरकस परबाणावरील त्रिकोणी शिडे आणि लांब, उतरती नाळ ही तिची लक्षणे होत. 1871 पासून पारी लूव्रमधील नौदल संग्रहालयाचा प्रमुख होता. तेथे या रेखाटनांवरून नौकांच्या प्रतिकृतीही करविण्यात आल्या.

मुंबईच्या गोदीत 1817 मध्ये बांधलेल्या 'ट्रिंकोमाली'सारख्या युद्धनौकांचे आराखडे कागदावर होते. किनाऱ्यावरील सुतार मात्र बहुधा नजरेच्या व हाताच्या अंदाजाने गलबते बांधीत. लाकूड कुजले, की गलबताबरोबर त्याची रचनाही नाहीशी होई. म्हणूनच मोजमापांसह केलेल्या रेखाटनाचे मोल मोठे आहे.

अर्थात, प्रत्येक रेखाटन सारखेच विश्वसनीय नसते. चित्राच्या मांडणीसाठी कलावंत एखादे जहाज पुढेमागे करू शकतो. पाण्याची रेषा, शिडांची स्थिती व दोरखंडांची जोडणी तपासल्यास जहाज भरलेले की रिकामे, निघण्याच्या बेतात की विसावलेले, हे कळू शकते. अशा निष्कर्षांना बंदराच्या नोंदींचा आधार घ्यावा लागतो.

समारोप :
इतिहासाच्या अध्यापनात चित्र बहुधा मजकुराची शोभा म्हणून येते. वरील उदाहरणावरून ते स्वतंत्र दस्तऐवजही ठरू शकते, हे स्पष्ट होते. ज्या कारागिरांनी लेखी काहीच मागे ठेवले नाही, त्यांच्या ज्ञानापर्यंत पोहोचण्याचा तो एक महत्त्वाचा मार्ग आहे.