पाळीवरच्या माणसाचं जेवण: काही गैरसमज

‘लोकांना कळत नाही, म्हणून ते अरबट-चरबट खातात.’ कर्मचाऱ्यांच्या आहाराचा विषय निघाला की हा समज आधी पुढे येतो आणि आहारतज्ज्ञांचं एक व्याख्यान ठरतं. गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळासारख्या ठिकाणी सुरक्षारक्षक, सफाई कामगार, अग्निशमनचे जवान पाळीने राबतात. पहाटेच्या पाळीला निघताना घरात स्वयंपाक झालेला नसतो, मग भूक लागली की टपरीवरचा आलुबोंडा किंवा तर्रीपोहे. तळलेलं रोज खाऊ नये हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं, पण हाताशी दुसरं काही नसतं.

नुसत्या प्रबोधनाने काय होतं, हे अमेरिकेत तपासून झालं आहे. सुमारे ३३ हजार कर्मचारी असलेल्या एका दुकानसाखळीतल्या काही शाखांत आहार-व्यायामाचे वर्ग घेतले. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: दीड वर्षानंतरही वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत इतर शाखांच्या तुलनेत ठळक फरक नव्हता. उलट बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या कॅन्टीनने पदार्थांना लाल, पिवळी, हिरवी खूण केली आणि चांगले पदार्थ नजरेसमोर, सहज हाताला येतील असे मांडले. तिथे लाल खुणेच्या पदार्थांची विक्री घटली आणि दोन वर्षांनंतरही घटलेलीच राहिली.

आपल्याकडचा दुसरा समज जास्त त्रासदायक आहे: ‘तब्येत सांभाळायची तर भात सोडा.’ गोंदिया हा धानाचा जिल्हा. इथे भात सोडायला सांगणारा सल्ला पहिल्याच दिवशी मोडतो, आणि तो तितकासा बरोबरही नाही. अडचण प्रमाणाची आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निम्मं ताट भाज्या-फळांचं असावं आणि धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांवर जाऊ नये. आपल्या डब्यात मात्र भाताचा डोंगर आणि त्यावर पातळ वरण असतं. भात थोडा कमी, वरण घट्ट, सोबत पालेभाजी, एवढ्यानेही बराच फरक पडतो. तांदूळ उसना असेल तर आणखी चांगलं: धान भिजवून, वाफवून मग भरडल्यामुळे कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व काही अंशी दाण्यात मुरतं. पॉलिश केलेल्या साध्या तांदळात ते फारसं उरत नाही.

‘सकस म्हणजे महाग’ हेही खोटं. ओट्सची पाकिटं कशाला हवीत? फुटाणे, उकडलेलं अंडं, जवसाची चटणी गावातच मिळते. जवसात ओमेगा-३ गटातलं स्निग्धाम्ल भरपूर असतं. चहाकडे मात्र कुणी पाहत नाही. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची कमाल मर्यादा साधारण ५० ग्रॅम आहे. साखर वेगळी ठेवली आणि ज्याने त्याने आपल्या हाताने घातली, तर ती कमी करायला निदान वाव मिळतो.

‘कॅन्टीन ही मोठ्या कारखान्यांची गोष्ट’ हा समजही आता जुना झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात २५० हून अधिक कामगारांची अट होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेने ती १०० वर आणली, आणि त्यात कंत्राटी कामगारही धरायचे आहेत. त्याहून लहान आस्थापनेलाही डबा गरम करायची सोय, पिण्याचं स्वच्छ पाणी आणि निवांत बसून जेवण्यापुरता वेळ देता येतो. तो वेळ झाडू मारणाऱ्या बाईलाही साहेबांइतकाच मिळायला हवा.