फळासकट वाळलेली कॉफी

रात्रपाळी संपवून चिंचवडच्या टपरीवर घेतलेल्या कॉफीत बरेचदा चिकोरीच्या मुळाची पूड असते, फळाचा गंध मात्र नसतो. खरे तर कॉफी हे फळाचेच बी!

आंध्रातल्या अरकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी जमिनीच्या लहान तुकड्यांवर, झाडांच्या सावलीत अरेबिका जातीची कॉफी पिकवतात. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कॉफी वाळवण्याच्या 'नॅचरल' पद्धतीत लाल फळ सोलत नाहीत. अख्खेच दोन ते चार आठवडे उन्हात वाळवतात. गरातली साखर आंबत जाते आणि बियांना फळाचा गोडसर स्वाद चढतो. फळे सतत हलवावी लागतात, नाहीतर बुरशी धरते. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आला की वाळकी साल काढायची. पाणी वाचते, पण मेहनत वाढते. तिचे मोल पिकवणाऱ्यालाच मिळायला हवे.

महाराष्ट्रातही कॉफी पिकते, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला, कोरकूंच्या मुलखात.