रुपया आणि पौंड : दोन पेन्सांची लढाई

स्वातंत्र्याच्या वेळी एक रुपया एका डॉलरच्या बरोबरीचा होता, हा दावा समाजमाध्यमांवर नेहमीच फिरत असतो. तो खरा नाही. १९४७ साली डॉलरसाठी सुमारे ३ रुपये ३१ पैसे मोजावे लागत. मुळात त्या काळी रुपयाचा दर डॉलरमध्ये ठरतच नव्हता. रुपया बांधलेला होता ब्रिटिश पौंडाशी, आणि पौंडाचा भाव होता १३ रुपये ३३ पैसे. एक पौंड ४.०३ डॉलरचा असल्याने उरलेला हिशेब आपोआप होत असे. मात्र पौंडाचा हा १३.३३चा आकडा आला कुठून, याची कहाणी अधिक उद्बोधक आहे. त्या आकड्यामागे मुंबईच्या गिरणीमालकांपासून कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत अनेकांचे हितसंबंध गुंतलेले होते.

चांदी घसरली, रुपया घसरला

जुन्या ब्रिटिश हिशेबात १२ पेन्सांचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा, म्हणजेच २४० पेन्सांचा, एक पौंड होई. रुपयाचा दर पेन्समध्ये सांगितला जाई. १८३५च्या कायद्याने ठरलेला रुपया १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा होता आणि त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती. पौंड मात्र सोन्याचा. त्यामुळे चांदी आणि सोने यांच्या बाजारभावातील नाते हाच रुपया-पौंडाचा दर होता. १८७०च्या आसपास तो साधारण दोन शिलिंग, म्हणजे पौंडाला दहा रुपये, असा होता.

१८७०च्या दशकात जर्मनीसह युरोपातील देशांनी चांदी सोडून सोन्याचे चलन स्वीकारले. त्याच सुमारास अमेरिकेतील खाणींतून चांदीचा पूर लोटला. चांदी घसरली आणि तिच्याबरोबर रुपयाही. १८९४-९५ मध्ये तो जेमतेम १३ पेन्सांवर आला होता.

याचा सर्वांत मोठा फटका बसला हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीला. लंडनमधील कर्जावरील व्याज, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, इंडिया ऑफिसचा खर्च असा 'होम चार्जेस' नावाचा भार दरवर्षी पौंडांत चुकवावा लागे. दीड कोटी पौंड पाठविण्यासाठी २४ पेन्सांच्या दराने १५ कोटी रुपये पुरत; १५ पेन्सांच्या दराने त्यासाठी २४ कोटी लागत. हा फरक अखेर करदात्यांकडूनच वसूल होणार होता.

त्यावर १८९३ साली हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार उपाय योजला गेला. तोवर कोणीही चांदी नेऊन टांकसाळीतून रुपये पाडून घेऊ शकत असे. ही मुभा बंद झाली. रुपयांचा पुरवठा आटला आणि चांदी स्वस्त असतानाही रुपया महागला. पुढे फाउलर समितीच्या शिफारशीवरून १६ पेन्स, म्हणजे पौंडाला १५ रुपये, हा दर स्थिर झाला.

सोळा की अठरा?

पहिल्या महायुद्धात चांदी अचानक कडाडली आणि ही घडी विस्कटली. बॅबिंग्टन स्मिथ समितीने रुपया थेट दोन शिलिंगांवर नेण्याची शिफारस केली. मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल या सदस्याने भिन्नमत नोंदविले. १९२०मध्ये हा प्रयोग झाला आणि बाजाराने तो त्याच वर्षी हाणून पाडला.

१९२५मध्ये हिल्टन यंग आयोग नेमला गेला तेव्हा रुपया १८ पेन्सांच्या आसपास होता. आयोगाने तोच दर कायम करण्याची शिफारस केली. महागाई आणि मजुरीचे दर या पातळीला जुळले आहेत, हा त्याचा युक्तिवाद होता. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमत नोंदवून १६ पेन्सांचा आग्रह धरला.

दोन पेन्सांचा हा फरक क्षुल्लक नव्हता. एका पौंडाचे विलायती कापड १६ पेन्सांच्या दराने १५ रुपयांना पडे, तर १८ पेन्सांच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पैंना. म्हणजे मँचेस्टरचा माल मुंबईच्या गिरण्यांच्या दारात अकरा टक्क्यांहून अधिक स्वस्त. कापसाचा भावही जागतिक बाजारात ठरत असल्याने वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्याच्या हाती तेवढेच कमी रुपये पडणार. त्याचा शेतसारा आणि सावकाराचे देणे मात्र रुपयांतच कायम.

याची दुसरी बाजूही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाच्या इतिहासाची चिकित्सा केली होती. त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्षही दिली. रुपया घसरला की किमती वाढतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. त्यामुळे निर्यातदाराचा नफा हा बऱ्याच अंशी मजुराच्या खिशातून येतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

अखेर १९२७मध्ये कायदेमंडळात निसटत्या बहुमताने १८ पेन्सांचा दर मंजूर झाला. २४० भागिले १८, म्हणजे १३.३३.

स्वातंत्र्यानंतर

हा दर चिवट निघाला. १९३१मध्ये ब्रिटनने सोन्याशी नाते तोडले, तरी रुपया पौंडालाच बांधलेला राहिला. सप्टेंबर १९४९मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा स्वतंत्र भारतानेही रुपया तेवढाच खाली आणला. त्यामुळे डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर गेला, पौंड मात्र १३.३३वरच राहिला. पाकिस्तानने अवमूल्यन नाकारले आणि दोन्ही देशांमधील व्यापार ठप्प झाला.

ही गाठ सैल झाली ती ६ जून १९६६ रोजी. दोन युद्धे, दुष्काळ आणि परकीय मदतीची निकड यांमुळे इंदिरा गांधी सरकारने डॉलरचा दर साडेसात रुपये केला. पौंड २१ रुपयांवर गेला. पुढच्याच वर्षी ब्रिटनने पुन्हा अवमूल्यन केले. या वेळी भारत त्याच्या मागे गेला नाही आणि पौंड १८ रुपयांवर उतरला. १९७५मध्ये रुपया एकट्या पौंडाऐवजी अनेक चलनांच्या समूहाशी जोडण्यात आला. १९९१च्या अवमूल्यनानंतर, १९९३पासून तो मुख्यतः बाजारावर सोपविला गेला.

तेव्हा जुन्या दराचा आकडा पाहून 'रुपया किती बलवान होता' असे म्हणणे फसवे आहे. १३.३३ हा दर आपल्या अर्थव्यवस्थेच्या ताकदीची पावती नव्हती. तो एक सरकारी निर्णय होता आणि त्याची किंमत कापूसवाला, गिरणीवाला आणि मजूर यांनी वेगवेगळ्या प्रमाणात चुकविली. आजही रुपया घसरला की आयात तेल महागते आणि सॉफ्टवेअर कंपन्यांचे रुपयांतील उत्पन्न वाढते. दराच्या प्रत्येक आकड्यासोबत तो कोणाच्या पथ्यावर पडतो, हा १९२७चा प्रश्न म्हणूनच जुना झालेला नाही.