दुखणं थांबलं, जंतूंचं काय?

‘डॉक्टर, दाढ आता ठणकत नाही. पुन्हा कशाला येऊ?’ रूट कॅनालचं पहिलं सिटिंग झालं, की हा प्रश्न मला हमखास ऐकायला मिळतो.

नस काढली, की ठणका थांबतो. जंतू मात्र मागे उरू शकतात. १९६५ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढेतली नस उघडी ठेवली, तरी ती सडली नाही. साध्या उंदरांची मात्र सडली. खरा शत्रू जंतूच!

मुळातली नळी सरळ नसते. तिला बारीक फाटे असतात. आमची फाइल सगळ्या भिंतींपर्यंत पोहोचत नाही. तिथे औषधी पाणी पोहोचवावं लागतं. ते म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घरातल्या ब्लीचमधलंच द्रव्य. पहिल्या महायुद्धात त्याच्या सुमारे ०.५ टक्के द्रावणाने सैनिकांच्या जखमा धूत असत. ते जंतू मारतं, नसेचे उरलेले तुकडेही विरघळवतं. पण मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर मोठी सूज येते, म्हणून ते हलक्या हाताने सोडतात. दाढेभोवती रबराचा पडदा लावतात, तो औषध घशात आणि लाळ नळीत जाऊ नये म्हणून.

दोन सिटिंगच्या मधे नळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून वर तात्पुरतं सिमेंट लावतात. ते झिजलं, की लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात. मग दाढ काढायचीही वेळ येते. म्हणून दुखत नसलं, तरी दिलेल्या तारखेला जरूर या.