डोळा लवतो, दोष बाईचा नव्हे!

बाईचा डावा डोळा लवला तर शुभ, उजवा लवला तर अशुभ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जागरणाने, थकव्याने पापणी दोन-चार दिवस फडफडते आणि आपोआप थांबते. पण महिनोन्‌महिने थांबतच नाही तेव्हा काय?

नांदूरघाटच्या एका ताईंची आधी डाव्या डोळ्याची पापणी लवू लागली. वर्षभरात गाल आणि तोंडाचा कोपराही ओढला जाऊ लागला. ऊसतोडीच्या फडावर कुजबुज सुरू झाली, ‘मुकादमाला डोळा मारते.’ नवऱ्याच्या मनात संशय शिरला. सासूने देवऋषी गाठला. कोंबडे गेले, पैसे गेले, गाल उडायचा राहिला नाही. कबूल केले पाहिजे, पहिल्या भेटीत आम्हीही नजर चुकवली होती.

चेहरा हलवणारा मज्जातंतू मेंदूच्या बुंध्यातून निघून कानामागच्या हाडातून चेहऱ्यावर येतो. उजवीकडे एक, डावीकडे एक. तो निघतो तिथेच एखादी रक्तवाहिनी त्याला टेकली, तर नाडीच्या ठोक्यासरशी त्यावर दाब पडतो. त्याचे आवरण झिजते आणि मेंदूचा हुकूम नसताना स्नायू उडू लागतात. म्हणून सहसा एकच बाजू उडते, आणि झोपेतही उडते. हा आजार बहुधा चाळिशी-पन्नाशीत होतो, स्त्रियांना अधिक. लकव्यात चेहरा लुळा पडतो, इथे तो आखडतो. चेहरा एकाएकी लुळा पडला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

या आजाराने जीव जात नाही. एमआरआय काढून रक्तवाहिनीचा दाब आहे की गाठ, हे पाहतात. बोटुलिनमचे इंजेक्शन स्नायू सैल करते. गुण साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावे लागते. दुसरा उपाय शस्त्रक्रियेचा. अमेरिकेतील डॉ. पीटर जॅनेटा यांनी 1966 पासून तो रूढ केला. कानामागे कवटीला छोटे छिद्र पाडून रक्तवाहिनी आणि मज्जातंतू यांच्यामध्ये टेफ्लॉनची छोटी गादी ठेवतात. बहुतेकांचा त्रास जातो. पण त्या कानाचे ऐकू येणे कमी होण्याचा धोका असतो, तो आधी विचारून घ्यावा.

ताईंच्या नवऱ्याला आम्ही एवढेच म्हणालो, ‘रात्री ती झोपल्यावर दिवा लावून बघा. झोपेत कोणी सोंग करत नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दारात उभा. ‘दादा, झोपंत बी गाल उडतोय हो. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याला जायला एस्टी कधी हाय?’

भगिनींनो, बंधूंनो, आपल्या घरात, शेजारी असा चेहरा दिसला तर हसू नका. देवऋषीकडे जाणारा पैसा एस्टीच्या तिकिटाला लावा.