वन्संचे तांब्याचे कडे

आमच्या वन्संनी गुडघे दुखतात म्हणून तांब्याचे कडे घेतले. चार दिवसांत मनगट हिरवे झाले आणि घरात घबराट! भिण्याचे काही नाही. आंबट ताक पितळेत कळकते, तसे घामाने तांबे कळकते. हिरवेपणा साबणाने जातो. पितळेच्या कड्याचेही तेच, कारण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त.

घेताना लोहचुंबक लावून पाहावे. चिकटले तर आत लोखंड, वर नुसता मुलामा! टोके बोटाने चाचपावीत. बोचरी टोके साडीचे काठ ओढतात. उघड्या तोंडाचे कडे फाकवू नये, मनगटाच्या कडेने सरकवावे. वारंवार वाकवले की तांबे ताठर होऊन तडकते. घासायला चिंच-मीठ उत्तम, पण लगेच धुऊन कोरडे पुसावे. वॉर्निश दिलेल्या कड्याला मात्र नुसते ओले फडके.

राहता राहिले दुखणे. इंग्लंडात संधिवाताच्या ७० रुग्णांवर झालेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तांब्याच्या कड्याने ना दुखणे कमी झाले, ना सूज. वन्संनी तर कड्याच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्याच सोडल्या होत्या! मी बोलले, तशा दोन दिवस रुसल्या. आता गोळ्या पुन्हा सुरू आहेत, आणि कडेही हातात लखलखते आहे.