कंबर दुखते म्हणून पिशवी काढायची नाही



दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पट्टा पडला की परत येतात. येताना पुष्कळ बाया दुखरी कंबर घेऊन येतात. मीही आणली होती.

मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना पाय सरकला आणि कंबरेत चमक भरली. खाडा पडला तर पैसे कापणार, म्हणून गोळी खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात गेले. त्याला नऊ वर्षं झाली. कंबर अजूनही अधूनमधून धरते.

असं का होतं? उसण भरते तेव्हा कंबरेचे स्नायू किंवा त्यांना धरून ठेवणारे बंध ताणले जातात. बहुतेकदा दीड महिन्यात ते भरून येतात. पण सहा महिने रोज वाकून तोडायचं, मोळ्या वाहायच्या, रात्री कोपीत जमिनीवर झोपायचं, तर जागा पुन्हा पुन्हा दुखावते. मग बाई भीतीने हालचाल कमी करते, स्नायू आणखी कमजोर होतात आणि नसा हळव्या होतात. थोडं काम केलं तरी कळ येते. म्हणून लक्षात ठेवा, जुन्या दुखण्यात कळ आली म्हणजे दर वेळी आत काही नवीन मोडलं असं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कंबर दुखते म्हणून दवाखान्यात गेलं की, "पिशवी खराब आहे, काढून टाका," असं कितीतरी बायांना सांगितलं गेलं. 2019 साली सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांची माहिती घेतली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. मैत्रिणींनो, ताणलेल्या स्नायूचं दुखणं पिशवी काढून जात नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं, तर पाळी जायचा त्रास लवकर सुरू होतो, हाडं ठिसूळ होतात आणि कंबर जास्तच दुखू शकते. शिवाय ऑपरेशनचं कर्ज फेडायला पुन्हा उचल घ्यावी लागते.

अंगावरून फार जाणं, वास येणारं पांढरं पाणी, ओटीपोटात दुखणं, लघवीला जळजळ, असं असेल तर तपासणी जरूर करा. त्यातले बरेच आजार गोळ्या-औषधांनी बरे होतात. कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर आधी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ सरकारी रुग्णालयात दाखवा. एकटीने जाऊ नका, आशाताईंना सोबत घ्या.

मग कंबरेचं काय करायचं? दुखणं वाढलं तर एक-दोन दिवस बेताने घ्या, पण अंथरूण धरू नका. गरम पाण्याच्या पिशवीने शेका आणि घरात, अंगणात चालत राहा. रोज सकाळी वाकळेवर उताणं पडून एक गुडघा छातीशी धरा, दहा आकडे मोजा, मग दुसरा. नंतर दोन्ही गुडघे वाकवून, तळवे टेकवून कंबर हळू वर उचला आणि खाली घ्या. पाच वेळांपासून सुरुवात करा. आज केलं आणि उद्या बरं वाटलं असं होत नाही, महिना-दोन महिने धीर धरावा लागतो.

ओझं उचलताना गुडघ्यात वाका, वजन अंगाशी धरा आणि कंबरेतून वळू नका, पावलं वळवा. भरलेल्या एका घागरीपेक्षा अर्ध्या दोन खेपा बऱ्या. फडात मोळी लहान बांधा आणि डोक्यावर घेताना दुसऱ्याचा हात घ्या. अर्ध्या तासाने ताठ उभं राहून, कंबरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुका. तोडणं, मोळी बांधणं, वाहणं ही कामं जोडीदाराशी आलटून पालटून करा. दुखण्याची गोळी रोज खाऊ नका, तिने पोटात जखम होते आणि किडनी बिघडते.

मात्र पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी-संडासवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. कंबरेबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तरी थांबू नका.

माझी कंबर पूर्वीसारखी झाली नाही. पण आता ती कधी कुरकुरते आणि तेव्हा काय करायचं, ते मला कळतं. येत्या बचत गटाच्या बैठकीत हिशोब झाला की दहा मिनिटं काढा आणि हे दोन व्यायाम सगळ्या मिळून करून बघा. आणि गटातली कुणी पिशवीच्या ऑपरेशनची तारीख घेऊन बसली असेल, तर तिला आजच गाठा.